बसलेलं पिल्लू अर्धं विकलेलं

४ मार्च

आज धाकटीचा फोटो पेपरात आला. तिसऱ्या पानावर, चांगला तळहाताएवढा. मांडीवर तीन पायांचं कुत्रं, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर तिचं ते ठेवणीतलं हसू, जे लहानपणी ती फक्त पाहुणे आले की बाहेर काढायची. वर मथळा: 'दुकानांतली पिल्लांची विक्री बंद व्हायलाच हवी.' नगरपालिकेत तसा ठराव येतोय. कुत्री-मांजरं दुकानात विकायची नाहीत, ज्याला हवं त्याने शेल्टरमधून दत्तक घ्यावं. पंचवीस तारखेला सुनावणी आहे.

शहरात पिल्लं विकणारी दुकानं मोजून चार. सगळ्यात जुनं आमचं, बाबांनी काढलेलं. म्हणजे माझी सख्खी बहीण पेपरात जाऊन सांगतेय की माझ्या ताईचं दुकान बंद करा. नाव घेतलं नाही, एवढेच उपकार. आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत हीच बाई माझ्या शेजारी उभी राहून पिल्लांच्या काचा पुसत होती! करून करून भागली आणि देवपूजेला लागली.

बाबांनी तो फोटो कापून मागितला. मीच कापून दिला. तो त्यांनी औषधांच्या डब्यावर चिकटवायला लावला. आता दिवसातून चार वेळा गोळ्या काढताना मला तिचं तोंड बघावं लागणार.

ही डायरी कुत्र्यांची बिस्किटं पुरवणाऱ्याने फुकट दिलेली. आजवर यात मी फक्त लसींच्या तारखा लिहिल्या. पण आज कोणाला तरी सांगणं भाग होतं, आणि ह्यांना सांगणं म्हणजे माशांना सांगणं. हे दुकानातला माशांचा भाग बघतात. बातमी वाचून म्हणाले, "माशांवर नाही ना बंदी?" नाही म्हटल्यावर टाकीची जाळी धुवायला गेले.

७ मार्च

आज तांबूस पिल्लू गेलं. एक जोडपं नुसतं बघायला म्हणून आलं होतं. बाई म्हणत होती, आत्ता नको, विचार करू. मी खाण्याच्या डब्याच्या झाकणावर अंगठीने दोन टिचक्या मारल्या. टक टक. पिल्लू धावत आलं, ढुंगण टेकून बसलं आणि मान वर करून त्या बाईकडे बघत राहिलं. संपलं! विचार करायचा राहिला तो राहिलाच.

ही विद्या बाबांची. पिल्लू दुकानात आलं की पहिल्या दिवसापासून प्रत्येक खाण्याआधी दोन टिचक्या. चार-पाच दिवसांत बसायला लागतं. बाबा म्हणायचे, "बसलेलं पिल्लू अर्धं विकलेलं असतं." दुसरा नियम, पिल्लाला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की विकवत नाही.

टिचकी बाबांनी मला शिकवली, धाकटीला नाही. तिनेही बरेच दिवस प्रयत्न केला होता. तिच्यासमोर पिल्लं यायची, अंगावर चढायची, कानाला चावायची, पण बसायची म्हणून नाहीत. आणि ती चोरून त्यांना नावं ठेवायची. बाबा तिला कधी रागावले नाहीत. माझ्या हातून पाण्याचं भांडं सांडलं तरी ओरडायचे.

असो. बाबांनी मला दिलेली आणि तिला न दिलेली अशी एकच गोष्ट या जगात आहे. ती नगरपालिका काढून घेणार?

१० मार्च

सकाळी एक गृहस्थ दोन वर्षांचा कुत्रा घेऊन आले. आमच्याकडूनच नेलेला म्हणे. आता बदली झालीय, नवीन घरमालक ठेवू देत नाही, परत घ्या. मी म्हटलं, अहो, दोन वर्षं वापरलेली चप्पल तरी कोणी परत घेतं का? ते म्हणाले, मग काय करू, रस्त्यावर सोडू? माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. म्हटलं, माझ्या बहिणीकडे न्या. कालव्याच्या पलीकडे तिचं शेल्टर आहे. तिला भारी हौस आहे गोळा करायची.

पत्तासुद्धा लिहून दिला. असे अधूनमधून येतात. मी सगळ्यांना तिच्याकडेच धाडते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं होऊ दे तिला. पेपरात फोटो काढायचे तर शेणही काढा म्हणावं.

कुत्रा जाताना दारात अडला. त्यांनी ओढला तेव्हा गेला.

१३ मार्च

धाकटी बाबांना भेटायला घरी आली. येताना दुकानात डोकावली. ती आत आल्याबरोबर काचेमागची सहाच्या सहा पिल्लं उठून उभी राहिली आणि शेपट्या हलवायला लागली. यांना सकाळी उठून कोण खायला घालतं? यांची घाण कोण काढतं? तिच्या हातात तर काही नव्हतं.

"ताई, रागावलीस ना?" म्हणाली.

"मी कशाला रागावू? तू मोठी माणूस झालीस. पेपरातली."

"ताई, तुझ्याविरुद्ध नाहीये गं ते. ही पिल्लं येतात कुठून, ते तू एकदा बघ. यांच्या आया कुठे आहेत?"

"शेतावर आहेत. मोकळ्या."

"तू बघितल्यास?"

पुरवठा करणारा मनुष्य वीस वर्षांचा ओळखीचा आहे. तो सांगतो, बाई, शेतावर असतात, मोकळ्या. मी गेले नाही हे खरं. मी शेतं बघत फिरले असते तर दुकानात कोण बसलं असतं? हे? हे गिऱ्हाइकाला कुत्रा मागितला तर मासा देतील.

मग घरी जाऊन तिने अर्धा तास बाबांचे पाय चेपले. अर्धा तास! रोज अंघोळ मी घालते, नखं मी कापते, रात्री कूस मी बदलते. ती गेल्यावर बाबा म्हणाले, "तिच्या हाताला गुण आहे." दुरून डोंगर साजरे. मी त्यांना चार वाजताची गोळी दिली. डब्यावरून ती हसत होतीच.

निघताना म्हणाली होती, "एकदा शेल्टरवर ये ना. तीन वर्षांत एकदाही आली नाहीस."

म्हटलं, वेळ नाही.

१७ मार्च

बाकीचे तिघे दुकानदार आज आमच्याकडे जमले. सुनावणीत सगळ्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलं. पोपटवाला म्हणाला, "तुम्हीच बोला. समोर तुमचीच बहीण आहे, तुम्हाला तिची नस माहिती." मला बरं वाटलं ते नस माहिती म्हणण्याचं नाही. तिघांनी एकमुखाने माझं नाव घेतलं, त्याचं.

भाषण लिहायला बसले. मुद्दे चांगले आहेत, उगाच नाही. दुकानात पिल्लू विकलं की लसीचा कागद मिळतो, तपासनीस येतात, पत्ता असतो, भांडायला माणूस समोर असतो. दुकानं बंद केली तर पिल्लांची हौस बंद होणार आहे का? लोक फोनवर फोटो बघून मागवतील. कोणीतरी गाडीच्या डिकीतून खोक्यात घालून आणून देईल आणि फोन बंद करून टाकेल. मग आजारी निघालं तर दाद कोणाकडे मागणार? आणि शेल्टरमधलं मोठं कुत्रं प्रत्येकाच्या घरी नाही चालत. लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात.

ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "चांगलं आहे. पण यात अकरा वेळा 'माझी बहीण' आलंय."

मोजत बसले होते! मी सात खोडले.

२० मार्च

आज झालं ते सगळं लिहिते.

सुनावणीच्या आधी नगरपालिकेच्या समितीने दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. सकाळी आमचं दुकान, दुपारी धाकटीचं शेल्टर. बोलणारी म्हणून मीही दोन्हीकडे बरोबर.

दुकानात सगळं झकास झालं. काचा आरशासारख्या. लसींच्या नोंदी मी पुढे करायच्या आधीच उघडून ठेवल्या होत्या. अध्यक्षबाई फार करड्या आहेत, एकदाही हसल्या नव्हत्या. मी टिचकी वाजवली, सहा पिल्लं ओळीने बसली. बाई खुदकन हसल्या. म्हणाल्या, "हे कसं काय?" म्हटलं, "आमच्या घराण्याची कला आहे. दुसऱ्या कोणाला येत नाही."

हे वाक्य मी कशाला बोलले!

दुपारी शेल्टरवर गेलो. मी मनात म्हणत होते, वास मारत असेल, पत्रे गंजलेले असतील. पत्रे गंजलेलेच होते. पण वास नव्हता. मोठं अंगण, मध्ये एक झाड, चाळीसेक कुत्री. सगळी धाकटीच्या पायात. ती समितीला सांगत होती हे कुठून आलं, ते कसं सापडलं. प्रत्येकाला नाव. अध्यक्षबाई खाली बसून एका म्हाताऱ्या कुत्रीला कुरवाळायला लागल्या. माझ्या दुकानात त्या नुसत्या हसल्या होत्या, इथे जमिनीवर बसल्या. चांगल्या साडीने.

माझं ते जळणं सुरू झालं. लहानपणापासून ओळखीचं आहे. पाहुणे मांडीवर तिला घ्यायचे तेव्हाही हेच व्हायचं. मला वाटलं, या बाईंना दाखवावं की कुत्र्याचं माणसाळणं म्हणजे काय. नुसती लाडाने अंगावर घेतली म्हणजे कुत्री वळत नाहीत. शेजारीच खाण्याचा पत्र्याचा डबा होता. मी झाकणावर अंगठीने दोन टिचक्या मारल्या.

माझा विचार एवढाच होता की ती ऐकणार नाहीत, मग मी म्हणेन, बघा, यांना काही शिस्त नाही.

नऊ कुत्री आली. गर्दीतून, झाडाखालून, एक तर पत्र्याच्या मागून धावत आलं. माझ्यासमोर ओळीने ढुंगण टेकून बसली आणि मान वर करून बघायला लागली. मोठी, वाढलेली, एकाच्या तोंडावर पांढरं आलेलं. दहा तारखेचा तो बदलीवाल्याचा कुत्राही त्यात होता.

समितीतल्या सगळ्यांनी सकाळी तेच बघितलं होतं.

अध्यक्षबाई उठल्या, साडी झटकली. "ही कुत्री तुमच्या दुकानातली?" मला विचारलं. मी डब्याचं झाकण घट्ट लावायला लागले.

धाकटी पुढे आली. "नाही, मॅडम. मीच शिकवलंय त्यांना. मीसुद्धा त्याच दुकानात वाढले ना."

"मग बाकीची का नाही बसली?"

"ती नवीन आहेत."

एवढं धडधडीत खोटं! तिला टिचकी कधी येत नव्हती. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघाल्या. मी धाकटीकडे न बघता त्यांच्या मागोमाग गाडीत बसले.

२१ मार्च

दुकान वाचलं, असं ह्यांचं म्हणणं. "तिने सांभाळून घेतलं तुला," म्हणाले. हेच तर! तिला कोणी सांगितलं होतं सांभाळून घ्यायला? आता उद्या दुकान राहिलं तर तिच्या मेहेरबानीने राहिलं. गेलं तरी ती बिचारी चांगली. म्हणजे मी जिंकले तरी तीच मोठी, हरले तरी तीच मोठी. मला साधं वाईटसुद्धा मनासारखं वागू देत नाही ही बाई.

पिल्लांना आज टिचकी न वाजवताच खायला घातलं. अंगठी बोटात रुतत होती म्हणून.

२२ मार्च

दुपारी दुकान ह्यांच्यावर सोपवून कालव्यापलीकडे गेले. भांडायला. सरळ लिहिते, भांडायलाच गेले.

धाकटी ताटल्या घासत होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "तुला कोणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

"खरं! तुला तर सोन्यासारखी संधी होती. ताईच्या दुकानातली नऊ कुत्री, टाकून दिलेली. पेपरात पहिल्या पानावर आली असतीस."

तिने नळ बंद केला. "टाकून दिलेली कुठे? तूच पाठवलीस ना? येणारा प्रत्येक जण सांगायचा, तुमच्या बहिणीने पाठवलं. मला वाटायचं, ताई बोलत नाही माझ्याशी, पण पाठवते तर आहे. नीट सांभाळेन असा भरवसा आहे म्हणून पाठवते. खरं सांगू? फार बरं वाटायचं मला. तू पाठवलेलं म्हणून मी त्या नवांपैकी एकालाही दुसरीकडे दत्तक दिलं नाही."

मी का पाठवत होते ते मला माहीत आहे आणि या डायरीला माहीत आहे. तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण मग तेही तिने माफ केलं असतं.

मग ती म्हणाली, "परवा तू गेल्यावर मी आत जाऊन रडले. तीन वर्षं मी त्यांना खायला घालतेय, औषधं देतेय. एकही कधी माझ्यासमोर तसं बसलं नाही. तू आलीस, दोन टिचक्या मारल्यास, आणि माझ्याकडे बघेनातसुद्धा. जळले मी, ताई. बाबांनी तुलाच दिलं होतं ते."

हे वाक्य मी इथे तारखेसकट लिहून ठेवतेय. धाकटी माझ्यावर जळली. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि त्या ओल्या ताटल्यांच्या ढिगासमोर मला हसू यायला लागलं.

तिला ते दिसलं की नाही, कोण जाणे. ती पुसता पुसता बोलत राहिली. "पण तू गेल्यावर ती उठलीच नाहीत गं. नऊच्या नऊ. फाटकाकडे तोंड करून बसून राहिली. संध्याकाळी खायला ठेवलं, तरी उठेनात. अंधार पडला तेव्हा एकेक करून उठली."

"का?"

"ते तू सांग. टिचकी वाजल्यावर पुढे काय व्हायचं?"

टिचकी वाजली की कोणीतरी हात पुढे करायचं, उचलायचं आणि घरी न्यायचं.

तिला मात्र पाय दुखताहेत म्हणून निघते म्हटलं. अंगावरचं मांस बस थांब्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

२५ मार्च

सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहिते.

सभागृह भरलेलं होतं. आमच्या बाजूला तिघे दुकानदार, पोपटवाल्याने तर नवा सदरा घातलेला. त्यांच्या बाजूला धाकटी आणि दहा-बारा कॉलेजातल्या मुली. आधी धाकटी बोलली. वाईट बोलली. तिला माईक कुठे धरायचा ते कळत नव्हतं. आया, शेतं, आजारी पिल्लं, सगळं आलं, पण एकात एक. माझं भाषण पदरात घडी घालून ठेवलेलं होतं, पाठ होतं, आणि मला दिसत होतं की आज मी जिंकणार.

मग अध्यक्षबाईंनी धाकटीला विचारलं, "त्या दिवशीची नऊ कुत्री. पुन्हा विचारते. ती तुमच्या बहिणीच्या दुकानातून आलेली आहेत का?"

धाकटीने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "आमच्याकडे तशी नोंद नाही."

ही पुन्हा! सगळ्या गावासमोर, स्वतःचा ठराव पडत असताना, माझ्यासाठी! आणि चेहऱ्यावर काय, तर काही नाही. जणू पाणी हवंय का विचारल्यावर नको म्हणाली. मला सहनच झालं नाही. हे एवढं मोठेपण एकटीच्या पदरात मी पडू देईन? आयुष्यभर मग मी कोण? जिच्यासाठी धाकटी खोटं बोलली ती?

मी उठून उभी राहिले. माझी पाळी नव्हती. म्हटलं, "नोंद माझ्याकडे आहे. नऊही माझीच आहेत."

पिशवीत ही डायरी होती, आणि मागच्या सात-आठ वर्षांच्याही. लसींच्या तारखा. एकेक काढून सांगायला लागले. काळं, छातीवर पांढरा ठिपका, पावसाळ्यात आलेलं, डाव्या कोपऱ्यातल्या काचेत होतं, वाढदिवसाची भेट म्हणून गेलं. तपकिरी, एक कान पडलेला, उजवीकडची तिसरी काच, बाल्कनीवाल्या नव्या जोडप्याने नेलं. दुसऱ्या लसीला खोकत होतं ते. पाचव्यापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की मी डायरीत बघतच नाहीये. सगळी तोंडपाठ होती. नाव एकालाही नाही, पण कोण कुठे झोपायचं ते आठवत होतं. "नऊही कुत्री परत द्यायला लोक आधी माझ्याकडेच आले होते," म्हटलं. "मी घेतली नाहीत. बहिणीकडे न्या म्हणून सांगितलं. प्रेमाने नाही सांगितलं."

आमच्या बाजूने कोणीतरी "अहो बाई, काय करताय" म्हणालं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही ठरावाच्या बाजूने बोलताय की विरुद्ध?"

"मी माझ्या बहिणीच्या विरुद्ध बोलतेय," मी म्हटलं.

सगळं सभागृह हसलं. मी विनोद केला नव्हता.

ठराव मंजूर झाला. दुकानांना सहा महिन्यांची मुदत.

बाहेर धाकटी येऊन गळ्यात पडली. मी म्हटलं, सोड, माझा चष्मा वाकतोय. पोपटवाला समोरून गेला, बोलला नाही. त्याचं बरोबर आहे. माझे मुद्दे आजही मला पटतात. डिकीतली पिल्लं येणारच आहेत. पण नऊ कुत्री समोर बसलेली असताना ते मुद्दे कुठून बोलायचे ते मला सुचलं नाही.

घरी बाबांना सांगितलं की ठराव झाला, दुकानात आता पिल्लं नाहीत. चाळीस वर्षांचं दुकान. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणाले, "धाकटी छान बोलली असणार."

मी नऊची गोळी दिली.

६ एप्रिल

सहापैकी चार पिल्लं ओळखीत गेली, पत्ते लिहून घेतले. दोन उरलीत. पुरवठादाराचा फोन आला, मुदत आहे तोवर अजून पाठवतो म्हणे. मी म्हटलं, आधी तुमचं शेत दाखवा, मग बघू. "शेत कशाला बघायचं, बाई?" म्हणाला. मी म्हटलं, मोकळ्या आया बघायच्यात. फोन ठेवलान.

ह्यांनी रिकाम्या काचा पुसून तिथे दोन नव्या टाक्या ठेवल्या. विचारतात, "तुला वाईट वाटत नाही ना?" वाटतं. पण ते एवढ्या हौसेने विचारत होते की नाही म्हटलं.

८ एप्रिल

रोज पाचला शेल्टरवर जाते. धाकटीला सांगितलं, टिचकी मी शिकवली, मीच विसरायला लावणार. तू मध्ये यायचं नाहीस. ती बरं म्हणाली. लगेच ऐकते, त्याचाही राग येतो.

पद्धत अशी. टिचकी वाजवायची, बसली की लगेच उठवायचं आणि पळायला न्यायचं. टिचकी म्हणजे कोणी न्यायला येणार असं नाही, टिचकी म्हणजे चला फिरायला. या वयात मी कुत्र्यांबरोबर पळतेय. कॉलेजच्या मुली बघून हसतात. पण आज तिघं टिचकी ऐकून बसलीच नाहीत, थेट फाटकाकडे सुटली, उड्या मारत. मी चारचौघांत ओरडले, "शाबास!" बसल्याबद्दल मी कुठल्या पिल्लाला कधी शाबास म्हटल्याचं आठवत नाही.

१९ एप्रिल

आठ विसरली. एक विसरत नाही. ते पडक्या कानाचं तपकिरी. उठवलं तर उठतं, चार पावलं चालतं, पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतं. टिचकी नको की काही नको. धाकटी म्हणाली, "अगं, त्याला तू आवडतेस."

आवडत वगैरे काही नाही. मला त्यातलं कळतं. ते वाट बघतंय.

मी म्हटलं, "हा मी नेते."

तिचा चेहरा पडला. मी नीट बघितला, पडलाच. म्हणाली, "नेतेस? घरी?" मग आत जाऊन कागद घेऊन आली. मला वाटलं, मला कसला कागद? पण तिने सगळ्यांना देतात तोच फॉर्म पुढे केला, पेनसुद्धा दिलं. नियम म्हणजे नियम, म्हणे. माझ्या दुकानात तिला एक नियम पाळता येत नव्हता!

भरायला बसले. घरात माणसं किती. दिवसभर घरी कोण असतं. घरात आजारी कोणी आहे का. चौथा प्रश्न: यापूर्वी आपण प्राणी पाळला आहे का?

मला हसू आलं. वर बघितलं, तर धाकटी हसत नव्हती. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून किती पिल्लं गेली, याचा हिशेब कोणालाच लागणार नाही. मी पेन धरून बसून राहिले. मग 'नाही' लिहिलं.

तिने वाचलं आणि आणखी एक कागद आणला, पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठीचा. आणि नवख्या माणसाला वाचून दाखवतात तसा एकेक ओळ वाचून दाखवायला लागली. पाणी कायम भरलेलं ठेवा. पहिले दोन दिवस पाहुणे बोलावू नका. मला सगळं माहीत होतं, मी मान डोलावत होते. मग तिने वाचलं, "पहिल्या रात्री तो रडेल. उठून त्याच्याजवळ बसा."

हे मला माहीत नव्हतं. आम्ही साडेआठला दुकानाला कुलूप लावून घरी येतो.